आठवी ते दहावीचा अख्खा वर्ग मैदानावर कसा आणायचा

खो-खोचा डाव नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात असतात, पण त्यातले आठ चौकात बसलेले. समोरच्या संघाचे एका वेळी तिघेच पळतात. म्हणजे साठ मुलांच्या वर्गाला पी.टी.च्या तासाला एक मैदान आखून खो-खो लावून दिला, तर कुठल्याही क्षणी खरी पळापळ चौघांचीच. कबड्डीत चढाई करणारा एक आणि बचावाला सात. क्रिकेटमध्ये तर चेंडू ज्याच्याकडे येत नाही तो उभाच. खेळ तिन्ही उत्तम, पण ते दोन संघांच्या सामन्यासाठी घडलेले आहेत. साठ जणांच्या वर्गासाठी नाहीत. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे आपल्या शाळांत जी मुलं आधीच चपळ आहेत ती आणखी चपळ होतात, आणि ज्यांना हालचालीची सर्वांत जास्त गरज आहे ती मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळत बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. शिवाय आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे व्यायाम हवेत. प्रत्यक्षात काय होतं? २०१६ च्या आकडेवारीवरच्या जागतिक अभ्यासात ११ ते १७ वयोगटातल्या ८१ टक्के मुलांची एवढी हालचाल होत नसल्याचं दिसलं. मुलांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के होतं, मुलींमध्ये ८५. भारताची स्थिती जगाच्या सरासरीपेक्षा थोडी बरी असली, तरी आपल्याकडेही चारातली जवळपास तीन मुलं कमी पडतात.

हा लेख मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी आहे. यात सांगितलेलं बहुतेक काम पैशांविना होतं. लागते ती वेळापत्रकातली जागा आणि ती जागा राखण्याची तयारी.

आधी घड्याळ लावून बघा

कुठलाही उपक्रम सुरू करण्याआधी पी.टी.चा एक नेहमीचा तास मोजून घ्या. क्रीडाशिक्षकाने शिकवायचं, मोजायचं काम दुसऱ्या शिक्षकाने करायचं. वर्गातली चार मुलं निवडा: एक खेळात पुढे असलेला, एक मधला, एक मुलगी जी नेहमी कडेला असते, आणि एक जड अंगाचं किंवा लाजरं मूल. त्यांना सांगू नका. प्रत्येकाची फक्त हालचालीची मिनिटं मोबाईलच्या स्टॉपवॉचवर धरा.

हालचाल म्हणजे काय, यासाठी सोपी खूण आहे. मुलाला बोलता येतंय पण गाता येणार नाही एवढा श्वास चढला असेल, तर ती मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांच्या पुढे बोलता येत नसेल तर जोरकस. रांगेत उभं राहणं, हजेरी, संघ पाडणं, आपली पाळी येण्याची वाट बघणं यातलं काहीही धरायचं नाही.

पस्तीस मिनिटांच्या तासात वेळ कुठे जातो तेही लिहा. जिना उतरून मैदानावर यायला किती, रांगा आणि हजेरीला किती, साहित्य काढायला किती, हातपाय धुऊन वर जायला किती. बऱ्याच शाळांत नुसत्या या कामांतच तासातला निम्मा वेळ निघून गेलेला दिसेल. हा कागद पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया आहे, म्हणून तो जपून ठेवा.

त्याच आठवड्यात मुलांकडून नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या. प्रश्न दोनच: पी.टी.च्या तासाला तुला काय आवडत नाही? आणि काय असतं तर तू आनंदाने उतरला असतास? मुलींच्या चिठ्ठ्या बाईंनीच वाचाव्यात.

माणसं कोण

एकट्या क्रीडाशिक्षकावर हे टाकलं तर तो बदलून गेला की उपक्रमही जातो. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षकांनी, शक्य तिथे एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून काम करायचं असतं. कार्यक्रमात मंगळवार आरोग्यासाठी सुचवलेला आहे. हे दोघं, क्रीडाशिक्षक, व्यवस्थापन समितीतला एखादा पालक आणि प्रत्येक तुकडीतून एक मुलगा, एक मुलगी एवढा गट पुरे. विद्यार्थी निवडताना संघाचे कप्तान घेऊ नका. कडेला बसणाऱ्यांपैकी कुणाला तरी घ्या, कारण अडचण कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

वेळापत्रकात जागा राखणे

सगळं घोडं इथेच अडतं. दहावीचा पोर्शन राहिला की पी.टी.चा तास गणिताला जातो, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटतही नाही. मुख्याध्यापकांनी जूनमध्येच शिक्षक सभेत ठरवून लिहून ठेवावं: पी.टी.चा तास दुसऱ्या विषयाला दिला, तर त्या विषयाने त्याच आठवड्यात आपला एक तास परत द्यायचा. एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर सराव ठेवून वर्गाची हालचाल वाढत नाही. गावाकडच्या मुलींची एस.टी. ठरलेल्या वेळेला असते. ती चुकली तर घरी जायला साधन नसतं, आणि घरचे दुसऱ्या दिवसापासून खेळ बंद करतात. शहरात त्याच वेळी क्लास असतो. म्हणून हालचाल शाळेच्या वेळेतच बसवावी लागते.

साठही मिनिटं शाळेने द्यायची गरज नाही. अर्धा तास शाळेचा, अर्धा घरचा आणि रस्त्याचा असा हिशोब धरा. परिपाठातली १० मिनिटं हालचालीला द्या. मुलं तिथे उभीच असतात, त्यांना सूर्यनमस्कार, लेझीम किंवा जागेवर धावणं द्या. ज्या दिवशी पी.टी.चा तास आहे त्या दिवशी त्यातून २० मिनिटं खरी हालचाल काढा. तास नसेल त्या दिवशी दुपारच्या दोन तासांच्या मध्ये तीन-तीन मिनिटांची उठबस आणि मधल्या सुट्टीतला खेळ.

मधल्या सुट्टीसाठी एकच गोष्ट करायची आहे: कपाटाचं कुलूप उघडायचं. चेंडू हरवतील, दोऱ्या तुटतील म्हणून साहित्य वर्षभर कपाटात राहतं आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतं. प्रत्येक तुकडीला एक पेटी द्या: चार दोऱ्या, दोन रबरी चेंडू, दोन रिंग, लगोरीला सात चपट्या फरश्या. पेटीची जबाबदारी दर आठवड्याला नव्या जोडीकडे. वर्षभरात दोन चेंडू हरवले तर ते खर्चात धरावेत. चेंडू वापरून हरवले यात वाईट काही नाही.

पस्तीस मिनिटांचा तास, मिनिटामिनिटाने

मुलं मैदानावर येण्याआधी फक्कीने चार कोपरे आखून ठेवा. हे काम आधीच्या तासाच्या पेटीवाल्या जोडीला देता येतं. वर्गाचे पंधरा-पंधराचे चार गट वर्षाच्या सुरुवातीलाच पाडा आणि दर महिन्याला बदला. संघ पाडायला दोन कप्तान उभे करून एकेक मूल निवडायची पद्धत कायमची बंद करा. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं, आणि चाळीस डोळ्यांसमोर नको असल्याची ही जाणीव त्याला मैदानापासून तोडते.

हजेरी गटप्रमुख चालता चालता देईल. पहिली तीन मिनिटं सगळ्यांनी मैदानाला फेरी मारायची. पळायचं त्याने पळावं, चालायचं त्याने झपाझप चालावं, उभं कुणी राहायचं नाही. मग शिट्टीवर चार कोपरे, प्रत्येकी पाच मिनिटं.

पहिल्या कोपऱ्यात लंगडी. पंधरा जणांचे तीन छोटे चौकोन, प्रत्येकात पाच मुलं, एक लंगडी घालणार आणि चौघं पळणार. बाद झालेला बाहेर बसत नाही, तोच पुढची लंगडी घालतो. हा बदल दिसायला लहान आहे, पण सगळा फरक त्यानेच पडतो: आपल्या बहुतेक खेळांत जो कच्चा तो आधी बाद होतो आणि सर्वांत कमी खेळतो.

दुसऱ्या कोपऱ्यात दोरीच्या उड्या. दोरी दुकानातली महाग हवीच असं नाही, हार्डवेअरच्या दुकानातून मीटरवर घेतलेली नायलॉनची चालते. दोरीच्या मध्यावर पाय ठेवून दोन्ही टोकं काखेपर्यंत आली की लांबी बरोबर. तीस सेकंद उड्या, तीस सेकंद दम. वाढत्या वयात हाडांना असा आपटा आणि ताण हवाच असतो, कारण मोठेपणीच्या हाडांच्या ताकदीचा मोठा भाग याच वर्षांत साठतो. आठवड्यातून तीन दिवसांची जी अट वर सांगितली, तिला लंगडी आणि दोरी दोन्ही चालतात.

तिसऱ्या कोपऱ्यात छोटा खो-खो. पंधरातले सहा बसणार, एक पाठलाग करणार, चौघं पळणार, उरलेले चौघं बाजूच्या रेषेवर शटल, म्हणजे इकडून तिकडे ये-जा, पळत राहणार. दर मिनिटाला अदलाबदल. एका पाठलागात पाच खो द्यायचेच असा नियम घाला, म्हणजे एकच चपळ मूल सगळा डाव खात नाही.

चौथा कोपरा ताकदीचा. भिंतीला किंवा बाकाला टेकून जोर, पाठीवर झोपून अर्धं उठणं, एका पायावर तोल, जोडीने ओढाओढी. इथे मुलं आणि मुली असा भेद नको. ज्याला जमिनीवरचे जोर जमतात त्याने ते काढावेत, ज्याला भिंतीवरचे जमतात त्याने ते.

तीन अधिक वीस म्हणजे तेवीस मिनिटं झाली. कोपरे बदलण्यातला वेळ वजा केला तरी वीसच्या आसपास हालचाल प्रत्येकाच्या पदरात पडते. शेवटची दोन मिनिटं हळू चालणं आणि ताण देणं, मग पाणी. महिन्यातून एक तास मात्र पूर्ण सामन्याला द्या. मुलांना सामना हवाच असतो, आणि तो त्यांचा हक्कही आहे.

एक गोष्ट ठाम सांगतो. उशीर झाला म्हणून मैदानाला फेऱ्या, गृहपाठ नाही म्हणून उठाबशा, ही शिक्षा बंद व्हायला हवी. व्यायाम म्हणजे शिक्षा हे मुलाच्या मनात एकदा बसलं की पुढे कितीही उपक्रम केले तरी ते मूल मनापासून पळत नाही.

मुली का बसतात

चिठ्ठ्यांमध्ये उत्तरं मिळतील आणि ती जवळपास सगळीकडे सारखी असतात. ओढणी सांभाळावी लागते. पळताना मुलं बघतात, शेरे मारतात. डाग पडेल ही भीती. घाम आल्यावर तसंच वर्गात बसायचं. घरून सांगितलेलं असतं, आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस.

कपड्यांपासून सुरुवात करा. पी.टी.च्या दिवशी मुलामुलींनी घरूनच ट्रॅकपँट आणि सैल टी-शर्टमध्ये यावं, दिवसभर तेच चालेल, असा शाळेचा लेखी नियम हवा. बदलायला खोली नसलेल्या शाळेत एवढ्यानेच कितीतरी मुली उठतात. स्पोर्ट्स ब्राबद्दल बाईंनी आठवीच्या मुलींशी एकदा मोकळेपणी बोलावं. आईशी बोलायला संकोच वाटणाऱ्या मुली कित्येकदा याच एका कारणाने पळणं सोडतात.

स्वच्छतागृहात पाणी, आतून कडी, झाकणाची कचरापेटी आणि मागावं न लागता मिळणारे पॅड, या चार गोष्टी क्रीडासाहित्यातच मोजायला हव्यात. पाळीच्या दिवसांत खेळल्याने अपाय होत नाही, हे मुलींना आणि त्यांच्या आयांनाही सांगा. त्याबरोबर हेही सांगा की पोट दुखत असेल तर त्या दिवशी हळू चालणं पुरे आहे, आणि कारण सर्वांसमोर सांगावं लागणार नाही. हाताने करायची एखादी खूण ठरवून टाका.

शेरे मारणाऱ्यांना त्याच क्षणी थांबवणं शिक्षकाचं काम आहे, मुलीचं नाही. सुरुवातीचे दोन महिने कोपरे मुलामुलींचे वेगळे ठेवले तरी हरकत नाही. मुलींची भीड चेपली की त्या स्वतःच एकत्र खेळायला तयार होतात. आणि त्यांना दाखवायला उदाहरणं आपल्या मातीतली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवलं. कर्णधार होते प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे.

दम लागणारी, जड, आजारी मुलं

लगेच थकणारं मूल आळशी आहे असं ठरवण्याआधी त्याचं रक्त तपासलंय का ते विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच आहे. ती जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. शौच काळसर होते, ते घाबरण्यासारखं नाही. हे आधी सांगितलं नाही तर मुली गोळी खिडकीतून टाकतात. जंताची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची यादी ठेवून नंतर ती द्यायलाच हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा दम लागणाऱ्या मुलांची नावं त्यांच्या हातात द्या.

दमा असलेल्या मुलाने खेळावं, पण अंग हळूहळू गरम करून, आणि पंप दप्तरात वर्गात नको, मैदानावर हाताशी हवा. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यातल्या शिक्षकांनी सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलं ओळखून ठेवावीत. त्यांना भर उन्हात, पाण्याशिवाय, दम संपेपर्यंत पळवणं धोक्याचं असतं. मधे मधे पाणी, विसावा आणि स्वतःच्या गतीची मोकळीक दिली तर तीही सगळ्यांबरोबर राहतात.

वजन कधीही वर्गासमोर करू नका आणि आकडा मोठ्याने वाचू नका. वाढत्या वयात मोठ्या माणसांचा बीएमआयचा तक्ता लागू होत नाही, वय आणि लिंगानुसार वेगळा तक्ता बघावा लागतो, म्हणून शिक्षकाने 'लठ्ठ' असा शिक्का मारायचं कारणच नाही. काळजी वाटली तर पालकांना एकट्याने बोलावून डॉक्टरांकडे पाठवा. जड अंगाची मुलं ताकदीच्या कोपऱ्यात बऱ्याचदा इतरांपेक्षा सरस ठरतात. त्यांना तो कोपरा आधी द्या.

ऊन, पाऊस आणि फाटकाबाहेरची गाडी

मार्चपासून मैदानावरचं काम सकाळच्या पहिल्या दोन तासांत उरका. खेळाआधी, मधे आणि नंतर पाणी. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, खूप घाम दिसला की मुलाला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग थंड करत राहा. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका.

पावसाळ्यात मैदान चिखल होतं तेव्हा व्हरांड्यात दोरी आणि वर्गात बाकं सरकवून ताकदीचा कोपरा चालतो. तास बुडवू नका.

खाण्याचं थोडक्यात: अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. तंबाखूसाठी हे अंतर १०० यार्ड आहे. गाडीवाल्याशी भांडण्यापेक्षा त्याला उकडलेले शेंगदाणे, फळं, भेळ ठेवायला सांगून बघा, पुष्कळ जण ऐकतात. शिवाय नववीपासून शालेय पोषण आहार मिळत नाही, हे विसरू नका. सकाळी उपाशी आलेलं मूल परिपाठात भोवळ येऊन पडतं, तेव्हा त्याला चार पोळ्यांच्या डब्याची गरज असते.

पालकसभेत काय मागायचं

दहावीच्या पालकांना वाटतं की खेळात वेळ गेला तर मार्क जातील. त्यांना सांगा, जागतिक आरोग्य संघटनेने नियमित हालचालीच्या फायद्यांमध्ये हृदय, हाडं आणि मन यांच्याबरोबर विचारशक्ती आणि शालेय कामगिरीही धरली आहे. मागण्या तीनच ठेवा. दोन किलोमीटरच्या आतलं मूल रिक्षाने किंवा बाबांच्या गाडीवर न येता पायी किंवा सायकलने यावं. रात्री ८ ते १० तास झोप व्हावी, त्यासाठी फोन बिछान्यापासून दूर राहावा. आणि रविवारी एक तास मूल घराबाहेर असावं. घरकाम करणाऱ्या मुलींच्या पालकांना आणखी एक: भावाला मिळते तेवढी मोकळी संध्याकाळ तिलाही मिळावी.

परत मोजा, आणि ज्याचं त्याच्याशी

खेलो इंडियाच्या चाचण्या (५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, अर्धं उठणं, जोर) जुलैत आणि फेब्रुवारीत घ्या. निकालाचा कागद मुलाच्या हातात द्या, फळ्यावर यादी लावू नका. त्याने स्वतःच्याच जुलैच्या आकड्याशी तुलना करायची. ६०० मीटर पूर्ण चालत आलेलं मूल दुसऱ्या वेळी अर्धं पळालं, तर तेच त्याचं बक्षीस समारंभातलं कौतुक असू द्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच चार मुलांवर पुन्हा स्टॉपवॉच लावा. कडेला बसणाऱ्या मुलीची मिनिटं वाढली नसतील तर तिला दोष न देता कोपरा बदला: तिला काय हवं ते विचारा, नाच म्हणाली तर चौथ्या कोपऱ्यात स्पीकर लावून लेझीम किंवा झुंबा चालू द्या.

एप्रिलच्या शेवटी, पुढच्या वर्षीचं वेळापत्रक बसण्याआधी, मोजणीची वही घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. पी.टी.चे आठवड्यातले तास सलग दोन दिवसांत न ठेवता सोमवार-गुरुवार असे पसरून मागा, शनिवारच्या शेवटच्या तासाला लावू देऊ नका, आणि दहावीच्या तुकड्यांचे तास आधी लिहून घ्या, कारण जानेवारीत सर्वांत आधी तेच जातात.